आधी बोलायचं कोणी

साडू हे नातं ज्यानं काढलं, त्याला एकदा भेटायला हवं. ना रक्ताचं, ना मैत्रीचं. दोन बहिणींनी आपापल्या अकलेनं दोन नवरे केले, म्हणून त्या नवऱ्यांनी जन्मभर एकमेकांच्या घरी जाऊन श्रीखंड खायचं आणि 'वा, काय झालंय' म्हणायचं. भारतात निदान एकाला पुण्यात आणि दुसऱ्याला नाशकात ठेवता येतं. जपानात ती सोय नाही. जयप्रकाश कावासाकीत, श्रीहरी ग्योतोकूत, मध्ये गाडीचा तासाभराचा रस्ता, आणि रेखा नि कश्मिरा या दोघी सख्ख्या बहिणी अशा, की रविवारी भेटल्या नाहीत तर त्यांना अन्न गोड लागत नाही.

तर या दोन साडूंमध्ये दीड वर्ष अबोला होता. रुसवाफुगवा नव्हे, चांगला दगडी अबोला. एका टेबलावर जेवायला बसले तरी मीठ हवं असेल तर जयप्रकाश म्हणायचा, "रेखा, मीठ." मीठ असायचं श्रीहरीच्या कोपराशी. मग रेखा उठून, टेबलाला वळसा घालून, मीठ उचलून नवऱ्यासमोर ठेवायची. दोघी बहिणींनी आधी समजावलं, मग रडून पाहिलं, मग नाद सोडला.

कारण होतं बंदूक.

जयप्रकाश अठ्ठावन्न वर्षांचा. सत्तावीस वर्षं जपानात, त्यातली एकवीस एकाच कंपनीत. आता कंपनीत त्याचं काम म्हणजे मीटिंगला बसणं आणि तरुण पोरांनी 'जया-सान, तुमचं मत?' विचारलं की मान हलवणं. मत कुणी लिहून घेत नसे. घरी मुलगी राधिका, ती ओसाकाला नोकरीला. फोनवर बापाशी अर्धं जपानीत बोलायची आणि तेही घाईत. अशा माणसानं नऊ वर्षांपूर्वी बंदुकीचा परवाना काढला. जपानात बंदूक मिळवणं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. लेखी परीक्षा, डॉक्टरचा दाखला, नेमबाजीची चाचणी, पोलिस घरी येऊन कपाटाची कुलपं ओढून बघणार, बायकोला एकटीला गाठून विचारणार, शेजाऱ्यांना विचारणार, नातेवाइकांना विचारणार. आणि दर तीन वर्षांनी हे सगळं पुन्हा.

पण त्या बंदुकीनं जयप्रकाशला माणसात आणलं. इझूच्या डोंगरात हरणं इतकी माजलीत, की वाहत्या पाण्यात लावलेल्या वासाबीचे, म्हणजे त्या झणझणीत जपानी मुळाचे, वाफेच्या वाफे रातोरात फस्त करतात. गावची शिकारी मंडळी म्हणजे दहा म्हातारे, सरासरी वय सत्तर. त्यांना गुडघे धड असलेला माणूस हवाच होता. हिवाळ्यातल्या प्रत्येक रविवारी जयप्रकाश पहाटे उठून गाडी हाणत तिथं जायचा. तिथं त्याचं मत विचारलं जायचं. तिथं वासाबीवाल्या बायका त्याला वाकून नमस्कार करायच्या, 'जया-सानमुळे मळा राहिला' म्हणायच्या. आठवड्यातले सहा दिवस तो त्या सातव्या दिवसासाठी ढकलत असे. बंदूक गेली तर काय उरतं? कोपऱ्यातल्या खुर्चीवरचा म्हातारा. हे तो स्वतःशी अगदी याच शब्दांत म्हणायचा.

श्रीहरीला तिथं नेलं ते जयप्रकाशनंच, चार वर्षांपूर्वी, संबंध बरे होते तेव्हा. श्रीहरी पंचेचाळीसचा, सॉफ्टवेअरवाला, पक्षी बघायचा शौक, त्यामुळे तिपाईवरची मोठी दुर्बीण घरात होतीच. टेहळणी करायला परवाना लागत नाही. समोरच्या डोंगरावर बसायचं, दुर्बिणीतून हरीण कुठं आहे, कुठं निघालंय ते बघायचं आणि खाली दबकत जाणाऱ्या बंदूकवाल्याला वॉकीटॉकीवर सांगायचं. श्रीहरीला ते काम जमलं. जयप्रकाशला आनंदही झाला होता, खोटं कशाला बोला.

मग परवान्याचं नूतनीकरण आलं. पोलिसांनी रिवाजाप्रमाणे नातेवाइकांना फोन केले. श्रीहरीला विचारलं, यांना राग येतो का? आता कुणीही शहाणा माणूस म्हणेल, नाही हो, गरीब गाय. श्रीहरी म्हणाला, येतो. पुढे खुलासाही केला, की मागे आमच्या घरच्या गणपतीत आरत्यांच्या क्रमावरून वाद झाला, तेव्हा त्यांनी हातातलं ताट भिंतीवर भिरकावलं होतं. झालं. नूतनीकरण अडलं, बंदूक सात महिने बंदुकीच्या दुकानदाराच्या तिजोरीत, अख्खा हंगाम बुडाला. श्रीहरीचं म्हणणं, पोलिसांनी विचारलं, मी खरं सांगितलं, ताट भिरकावलं नव्हतं का? भिरकावलं होतं. म्हणून तर जयप्रकाशच्या नाकाला जास्त मिरच्या झोंबल्या.

बंदूक परत आली तेव्हा जयप्रकाशला वाटलं, श्रीहरी आता लाजेकाजेस्तव टेहळणी सोडेल. श्रीहरीनं सोडली नाही. तो का सोडेल? त्याच्या मते त्यानं काही केलंच नव्हतं. आणि शिकाऱ्यांचे पुढारी सेकिगुची-सान, वय शहात्तर, यांनी हंगामाच्या पहिल्याच दिवशी जोड्या लावल्या: जया-सान आणि श्री-सान एकत्र. एकाच घरचे, एकाच भाषेचे, म्हातारा कौतुकानं म्हणाला, आणि तुमची भाषा तर हरणांनासुद्धा कळायची नाही. सगळे हसले. हे दोघेही हसले. घरची धुणी चारचौघांत धुवायची नाहीत, एवढ्या एका गोष्टीवर दोघांचं एकमत होतं. आम्ही एकमेकांशी बोलत नाही हो, असं परक्या म्हाताऱ्याला कोणत्या तोंडानं सांगणार?

पण मग काम करायचं कसं? बाकीच्या जोड्यांत टेहळ्या सारखा बोलत असतो. सेकिगुची-सानचा नियमच होता: दिसतं ते बोलायचं. हरीण कुठं, त्याच्या मागे काय, मागे मातीचा उतार आहे की मोकळं आकाश, रस्ता कुठं, माणूस आहे का. कारण गोळी हरणापाशी थांबेलच असं नाही. बंदूकवाल्याला खालून झाडोरा दिसतो, पलीकडचं समोरच्यालाच दिसतं. एका जोडीचं बोलणं दुसरीला ऐकू जात नाही, प्रत्येकीच्या वॉकीटॉकीची लहर वेगळी. त्यामुळे या दोघांच्या कानात काय चालतं ते कुणाला कळायचं कारण नव्हतं.

त्यांनी खुणा ठरवल्या. ठरवल्या म्हणजे काय, जयप्रकाशनं रेखाला सांगितल्या, रेखानं कश्मिराला फोन केला, कश्मिरानं कागदावर लिहून फ्रिजला चिकटवल्या. वॉकीटॉकीचं बटण दाबून सोडलं की दुसऱ्याच्या कानात टक्‌ असं वाजतं. एकदा टक्‌ म्हणजे थांब, गोळी नको. दोनदा म्हणजे पुढे जा. तीनदा म्हणजे हरीण हललं. एक अक्षर बोलायला नको. दीडशे कोटींच्या देशातून आलेली दोन शिकलेली माणसं, दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांना 'कम्युनिकेशन गॅप'वर भाषणं देणारी, त्यांनी ही व्यवस्था केली आणि दोघांनाही ती फार हुशारीची वाटली.

जानेवारीतला शेवटचा रविवार. हंगाम संपत आलेला आणि जयप्रकाशच्या नावावर एकही हरीण नाही. म्हातारे थट्टा करू लागले होते, जया-सान या वर्षी शाकाहारी झाले म्हणून. एकदा अडलेला परवाना म्हणून मे महिन्यात पोलिसांची फेरचौकशी व्हायची होती, पोलिसांचा फोन पुन्हा ग्योतोकूला जायचा होता. सकाळी गावच्या सभागृहाच्या अंगणात सगळे जमले, भगव्या रंगाची जाकिटं-टोप्या चढवल्या, गरम चहा झाला. श्रीहरी दुर्बिणीची पिशवी खांद्याला लावून समोरून गेला. त्यानं जपानीत सगळ्यांना मिळून सुप्रभात म्हटलं. जयप्रकाशनं बुटाची नाडी बांधली.

पावणेआठला पहिली मादी दिसली. देवदाराच्या उतारावर, सत्तर मीटरवर, आडवी उभी. त्याची बंदूक एका वेळी एक जाड गोळी मारणारी. शंभर मीटरपलीकडे तिचा भरवसा नाही, म्हणून इतकं जवळ जावं लागतं. तो पाऊण तास पोटावर सरकत तिथं पोचला होता. त्यानं बंदूक खांद्याला लावली. कानात टक्‌. एकदाच. तो थांबला. मादीनं कान हलवले, दोन घास पाला ओरबाडला आणि निघून गेली. थांब का, ते कळायला मार्ग नव्हता.

नऊ वाजता खिंडीत दोन हरणं. टक्‌.

साडेदहाला बांबूच्या बुटक्या रानात बसलेला एक नर. शिंगं चांगली हातभर. जयप्रकाश चाळीस मीटरपर्यंत गेला, श्वास रोखला, आणि कानात पुन्हा टक्‌. त्यानं मान वळवून समोरच्या डोंगराकडे पाहिलं. तिथं लांब, गवताच्या कडेला, भगव्या टोपीचा एक ठिपका दिसत होता. त्या ठिपक्याचा त्याला असा संताप आला, की दात करकरले.

आता सांगा, काय अवघड होतं? बटण दाबायचं आणि विचारायचं, 'का?' एक अक्षर. पण विचारणं म्हणजे बोलणं, आणि बोलणं म्हणजे आधी बोलणं. दीड वर्ष ज्यासाठी दात-ओठ खाल्ले ते या एका अक्षरावर उधळायचं? जयप्रकाशनं बटणाला हात लावला नाही. नर उठला, अंग झटकलं आणि उतारावरून दिसेनासा झाला. जयप्रकाश तिथंच बर्फाळ पाल्यावर बसून राहिला. त्याची खात्रीच पटली, की हा माणूस मुद्दाम करतोय. गेल्या वर्षी बंदूक अडवली, या वर्षी गोळी अडवतोय. हंगाम कोरडा जाईल, म्हातारे म्हणतील जया-सानचं वय झालं, आणि मे महिन्यात हाच पोलिसांना सांगेल, हो, अजून येतो त्यांना राग. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणतात ते त्याला त्या थंडीत झालं.

दुपारी बाराच्या सुमाराला तोच नर पुन्हा सापडला. खाली घळीच्या तोंडाशी, झुडपांच्या कडेला, मान वर करून उभा. घळीत वासाबीचे वाफे आहेत हे जयप्रकाशला माहीत होतं, पण ते आणखी वरच्या अंगाला, असा त्याचा हिशेब होता. झुडपामागे त्याला मातीचा बांध दिसत होता. मातीचा म्हणजे, तपकिरी काहीतरी. ऐंशी मीटर. त्यानं गुडघा टेकला, नळी एका ओंडक्यावर ठेवली.

टक्‌.

तो हसला. खरोखर हसला, आवाज न करता. म्हटलं, आलास? तुझीच वाट बघत होतो. त्यानं नेम सोडला नाही. नर तसाच उभा. बराच वेळ गेला. त्याला तरी तो बराच वाटला. मग कानात पुन्हा टक्‌, आणि लगेच आणखी एकदा. दोन टक्‌ म्हणजे पुढे जा. म्हणजे आता याची चेष्टाही सुरू झाली, असं जयप्रकाशला वाटलं. नरानं मागचा पाय उचलला. आता निघणार. पुन्हा निघणार. जयप्रकाशनं चाप ओढला.

राग हातात उतरला की नेम कुठला राहतो? नर उडी मारून घळीबाहेर पसार झाला. गोळी झुडपातून आरपार गेली आणि पलीकडे लाकूड फुटल्याचा आवाज आला. त्यामागून एका बाईचा आवाज आला, अगदी बारीक, कुणी पाय घसरून पडताना काढतं तसा.

जयप्रकाश धावला. कसा धावला, बंदूक मोकळी करून खांद्याला कधी अडकवली, त्याला पुढे आठवेना. झुडपापलीकडे बांध नव्हताच. तिथं वासाबीचा सर्वांत खालचा वाफा होता, वर सावलीची जाळी, आणि जाळीच्या लाकडी खांबाला बाईच्या डोक्याच्या उंचीवर फुटक्या फळीसारखं भोक पडलेलं. खांबापासून हातभर अंतरावर ऐंशीच्या घरातली एक म्हातारी पाण्यात बसली होती. तपकिरी जाकीट, लांब रबरी बूट, हातात तोडलेली रोपं. तिला काहीही लागलं नव्हतं. ती त्याच्याकडे बघून म्हणाली, की दचकले हो, जरा हात द्या. त्यानं हात दिला. उभी राहिल्यावर तिनं त्याचीच माफी मागितली. आज शिकार आहे अशी पाटी वाचली होती, पण भगवं जाकीट घालायचं राहिलं, चूक आपली, असं ती वाकून वाकून म्हणत राहिली.

समोरच्या डोंगरावरून श्रीहरी दुर्बीण तिथंच टाकून खाली पळत आला. दोघं समोरासमोर आले. दोघांनी म्हातारीला दोन बाजूंनी धरलं आणि गावात आणलं. वाटेत दोघं तिच्याशी बोलले, एकमेकांशी नाही.

तासाभरात सगळे सभागृहात. तेलाची शेगडी, जमिनीवर चटया, दहा म्हातारे रांगेत, कुणी खोकतसुद्धा नाही. सेकिगुची-सान मध्ये बसला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं सावकाश सांगितलं, की पोलिसांना कळवणं भाग आहे, कळवलंय, येतायत. त्याआधी एक गोष्ट मला समजली पाहिजे. आपल्याकडे नियम काय आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. टेहळ्याला माणूस दिसला आणि तो बोलला नाही, तर टेहळ्यानं गट सोडायचा. बंदूकवाल्यानं एक हंगाम घरी बसायचं, पुन्हा चाचणी द्यायची, त्याच्या बंदुकीसाठी मी स्वतः पोलिसांसमोर हात जोडीन. पण टेहळ्यानं थांबवलं असेल आणि तरी गोळी झाडली गेली असेल, तर मी हात जोडणार नाही. ती बंदूक जायला हवी.

मग त्यानं श्रीहरीकडे पाहिलं.

श्रीहरीचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो गुडघ्यांवर पुढे सरकला, चटईला कपाळ टेकवलं आणि जपानीत म्हणाला, "चूक माझी आहे. मी..."

त्या क्षणी जयप्रकाशच्या डोक्यात काय काय येऊन गेलं! बघा, आला उपकार करायला. आता हा स्वतःवर घेणार, गट सोडणार, आणि माझी बंदूक वाचवणार. आणि मग? मग जन्मभर ग्योतोकूच्या गणपतीत हा ताट पुढे करणार आणि नुसता हसणार. रेखा म्हणणार, शेवटी श्रीहरीनंच वाचवलं हो. कश्मिरा मान डोलावणार. मीठ मागायचं तरी याच्याकडे, आणि 'थँक यू' म्हणून. दर रविवारी बंदूक खांद्याला लावली की ती याची दिलेली. नको. त्यापेक्षा नसलेली बरी. याला कुणी प्रामाणिकपणा म्हणू नका. जयप्रकाश स्वतः कधी म्हणाला नाही. त्याला त्या माणसाचं काहीही नको होतं, एवढंच.

"त्यानं थांबवलं होतं," तो मोठ्यानं म्हणाला. श्रीहरीचं वाक्य तिथंच तुटलं. "खूण आली. मला ऐकू आली, समजली. तरी मी झाडली."

श्रीहरीनं झटकन वर पाहिलं. तोंड उघडलं. सेकिगुची-साननं हात वर केला. तेवढं पुरेसं होतं.

पुढचं सगळं फार शिस्तीत झालं. तालुक्याच्या गावाहून दोन पोलिस आले, जबाब झाले, खांबाचे फोटो झाले. बंदूक पिशवीसकट गेली, परवान्याचं पुस्तक गेलं. उरलेली काडतुसं घेऊन सोमवारी या, म्हणाले. जयप्रकाशनं सगळीकडे सही केली. निघताना सेकिगुची-सान दारापर्यंत आला आणि कमरेतून वाकून म्हणाला, की नऊ वर्षं आमच्यासाठी डोंगर चढलात, आभारी आहोत. पुन्हा या असं म्हणाला नाही. रांगेतले म्हातारेही वाकले. जयप्रकाशनं त्यातल्या एकाच्याही डोळ्यांत पाहिलं नाही, पाहिलं असतं तर तो रडला असता.

गाडीची किल्ली दारात लावताना ती त्याच्या हातून खाली पडली. सेकिगुची-साननं ती उचलली आणि आगगाडीनं आलेल्या श्रीहरीच्या हातात दिली. घरचे आहात, घेऊन जा, म्हणाला. त्याला अजूनही काही माहीत नव्हतं.

समुद्राच्या कडेकडेनं गाडी निघाली. साडेतीन-चारचं ऊन. ओदावारा शहर मागे पडल्यावर श्रीहरीनं एका कोंबिनीसमोर, चोवीस तास उघड्या दुकानासमोर, गाडी लावली, आत जाऊन दोन कॉफ्या आणल्या आणि एक जयप्रकाशच्या बाजूच्या खाचेत ठेवली. इंजिन सुरू केलं नाही.

त्या कॉफीकडे बघून जयप्रकाशचं उरलंसुरलं डोकं फिरलं. म्हणजे हा आता मोठेपणा मिरवणार. "ऐक," तो म्हणाला. दीड वर्षानंतरचा पहिला शब्द. "तुझे उपकार नको होते मला. म्हणून बोललो तिथं. माझ्यावर काही चढवून ठेवलंयस असं समजू नकोस."

श्रीहरीनं दोन्ही हात चाकावर ठेवले होते. "उपकार कसले, जयप्रकाशराव?"

"स्वतःवर घेत होतास ना? बंदूक वाचवायला?"

"मी खरं सांगत होतो."

"म्हणजे?" जयप्रकाशनं विचारलं.

श्रीहरी समोरच्या काचेकडे बघत सांगू लागला. सकाळी पहिल्या मादीच्या मागे जंगलातला रस्ता होता, त्यावर एक छोटा ट्रक उभा होता आणि माणूस लाकडं भरत होता. खिंडीतल्या दोन हरणांच्या मागे तर नुसतं आकाश होतं, खाली वस्ती. बांबूतल्या नरामागे मात्र काही नव्हतं, पक्का उतार होता. तो टक्‌ उगीच दिला. सकाळी तुम्ही नाडी बांधत बसलात, त्याचा राग होता.

"आणि म्हातारी?" जयप्रकाश म्हणाला.

"दिसत होती. पहिला टक्‌ दिला तेव्हाच. तुम्ही नेम खाली घेत नाही म्हणून घाबरून आणखी दोनदा दाबलं. दोनचा अर्थ काय होतो ते दाबल्यावर आठवलं." तो थांबला. "वीस सेकंद होते माझ्याकडे. बटणावर अंगठा होता. 'माणूस आहे' एवढंच म्हणायचं होतं. तोंडाशी आलं होतं. पण आधी मी बोलणार नाही, असं ठरवून बसलो होतो ना. मग गोळी सुटली."

बाहेर दोन शाळकरी मुली कोंबिनीतून वाफाळता पाव घेऊन निघाल्या. जयप्रकाशनं त्या रस्ता ओलांडेपर्यंत पाहिलं. माणूस दिसला आणि टेहळ्या बोलला नाही. सेकिगुची-सान हात जोडणार होता. एक हंगाम घरी बसायचं होतं, बस्स. बंदूक राहिली असती.

"हे तिथं सांगायचंस," तो म्हणाला.

"सांगतच होतो. तुम्ही बोलू कुठं दिलंत?"

"नंतर पोलिस आले. अर्धा तास होते. तेव्हा तोंड नव्हतं तुला?"

श्रीहरी पहिल्यांदाच त्याच्याकडे वळला, आणि त्याच्या चेहऱ्यावर ना हसू होतं, ना लाज.

"होतं," तो म्हणाला. "पण तुम्ही बंदूक त्यांच्या हातात दिलीत, ते बघून मला बरं वाटत होतं."

आणि त्यानं गाडी सुरू केली.